वॉरिंग्टन बाप-लेक आणि घरातला फिशटँक

फिशटँक घ्यायला गेलात की दुकानदार एक वाक्य हमखास ऐकवतो. "साहेब, दोन-चार झाडं लावा, मासे सोडा, पाणी आपोआप साफ राहतं." झाडं ऑक्सिजन सोडणार, मासे तो घेणार. मासे कार्बन डायॉक्साइड सोडणार, झाडं तो घेणार. झालं! शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं ते बाणांचं वर्तुळ आठवा. आपण खूश होऊन रविवारी टँक लावतो, सोमवारी ऑफिसात मोबाइलवर फोटो दाखवतो, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी एक मासा उताणा तरंगताना दिसतो. दोन दिवसांनी दुसरा. मग घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "जाऊ दे, आपल्यावरचं संकट घेऊन गेला बिचारा." किंवा त्याहून वाईट म्हणजे, "आपल्या घराला मासे लाभतच नाहीत."

लाभण्या-न लाभण्याचा इथे काही संबंध नाही. आणि दुकानदार खोटंही बोलत नसतो. तो बिचारा १८५० सालचं विज्ञान सांगत असतो. त्या विज्ञानातला एक मोठा तुकडा तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. तो पुढे सापडला, आणि गंमत म्हणजे तो शोधणाऱ्यांमधला एक महत्त्वाचा माणूस हा १८५० सालच्या त्या गृहस्थांचा सख्खा मुलगा होता. दोघांचं नावही एकच, रॉबर्ट वॉरिंग्टन. म्हणून इथे आपण त्यांना थोरले वॉरिंग्टन आणि धाकटे वॉरिंग्टन म्हणू.

पण थोडं मागून सुरू करू.

ऑगस्ट १७७१. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली नावाच्या धर्मोपदेशकाने एका बंद भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली आणि त्या 'खराब' हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी बघतो तर त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा छान जळाली. झाडं हवा दुरुस्त करतात! पण हा प्रयोग कधी यायचा, कधी फसायचा. तो का फसतो हे १७७९ साली यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरने दाखवलं. (हा ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवी टोचणारा डॉक्टर, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाचशेवर प्रयोग करणारा माणूस. आपण सुट्टीत काय करतो ते सोडा.) त्याने पाण्यात बुडवलेल्या पानांवर येणारे बुडबुडे बघितले. उन्हात ते येतात, अंधारात थांबतात. अंधारात झाडं हवा उलट खराबच करतात. म्हणजे रात्री तुमच्या टँकमधली झाडं माशांबरोबर त्याच ऑक्सिजनच्या रांगेत उभी असतात, हे अडीचशे वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. दुकानदाराच्या वर्तुळातला पहिला बाण इथेच अर्धा तुटतो.

पुढचा माणूस लंडनचा डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली. पतंगाचं पुढे काय झालं यात त्याला फारसा रस उरला नाही, कारण बाटलीत नेचं आणि गवत उगवलं होतं. लंडनच्या धुराने वॉर्डची बागेतली नेची मरत होती आणि बंद बाटलीत मात्र टवटवीत! त्यातून त्याने काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ साली अशा पेट्या भरून रोपं थेट सिडनीला जहाजाने पाठवली, आणि ती जिवंत पोचली. याच पेट्यांतून पुढे १८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली. सकाळच्या चहाचा आणि फिशटँकचा असा भाऊबंदकीचा संबंध आहे. मधे १८४५ साली ब्रिटनने काचेवरचा कर उठवला, काच स्वस्त झाली, आणि मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात काचेची पेटी आली.

आता आपले थोरले वॉरिंग्टन. पेशाने केमिस्ट. लंडनच्या औषध बनवणाऱ्यांच्या जुन्या संस्थेच्या प्रयोगशाळेचा कारभार बघायचे. १८४१ साली लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली त्यात यांचा पुढाकार होता. पेटीत बंद झाड जगतं हे सगळ्यांनी बघितलं होतं. थोरल्यांनी प्रश्न विचारला की पाण्यात, झाड आणि प्राणी दोन्ही घातले तर?

१८४९ साली त्यांनी बारा गॅलनचं एक काचेचं भांडं घेतलं. तळाला वाळू, गाळ आणि दगड. त्यात व्हॅलिस्नेरियाचं एक रोप लावलं, तीच ती रिबिनीसारख्या लांब पानांची वनस्पती, जी आजही दुकानात सगळ्यात स्वस्त मिळते. आणि दोन लहान गोल्डफिश. बारा गॅलन म्हणजे साधारण ५४ लिटर. आपला नेहमीचा दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टँक काठोकाठ भरला तर ५६ लिटर होतात. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत टँकचा साइज बदललेला नाही. बदलली आहे ती माशांची संख्या. त्यांनी दोन टाकले होते, आपण उत्साहात पंधरा टाकतो.

सुरुवातीला सगळं मस्त चाललं. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर धरला. दुसरा कुणी असता तर पाणी ओतून देऊन मोकळा झाला असता. थोरले तळ्याकाठी कसं होतं याचा विचार करत बसले. तळ्यातही पानं कुजतात, मग तळं का नासत नाही? कारण तिथे कुजकं खाणारं कुणीतरी असतं. त्यांनी पाच-सहा तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं, पाणी निवळलं, झाड पुन्हा जोमाने वाढलं. वर गोगलगायींनी अंडी घातली, ती माशांना खाऊ झाली!

१८५० साली त्यांनी हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. मासा, झाड आणि गोगलगाय. माझ्या मते यातला खरा शोध गोगलगायीचा आहे. मासा आणि झाड ही जोडी प्रीस्टलीपासून सगळ्यांना सुचत होती. मेलेल्याचं, कुजलेल्याचं काय करायचं हा प्रश्न टँकच्या बाबतीत यांनी नीट हाताळला. घाण उचलणारा कुणीतरी लागतो इथपर्यंत ते पोचले. फक्त घाण उचलणारे डोळ्यांना दिसतील एवढे मोठे असतील असं त्यांनी धरलं.

मग काय, इंग्लंडला वेड लागलं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं, म्हणजे लोकांसाठीचं पहिलं मत्स्यालय. १८५४ साली फिलिप हेन्री गॉसने 'द अ‍ॅक्वेरियम' हे देखणं रंगीत चित्रांचं पुस्तक काढलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी गेला. (श्रेयाच्या यादीत एक नाव नेहमी मागे राहतं. फ्रेंच बाई जान व्हिलप्रो-पॉवर. ती मूळची शिवणकाम करणारी. सिसिलीत राहून तिने १८३२ सालीच काचेच्या टाक्यांत सागरी जीव ठेवून त्यांचा अभ्यास केला होता. तिच्यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा. असो.)

'समतोल टँक' ही कल्पना इथून लोकांच्या डोक्यात पक्की बसली. एकदा जमवला की पाणी बदलायला नको, काही नको. आणि मग हजारो घरांत तेच झालं जे आपल्याकडे दहाव्या-बाराव्या दिवशी होतं. १८६० च्या दशकात हे वेड बरंचसं ओसरलं.

त्या गर्दीतला मला आवडलेला माणूस म्हणजे विल्यम आल्फर्ड लॉइड. लंडनमधे मत्स्यालयाच्या सामानाचं दुकान चालवायचा. हा मनाने इंजिनिअर. १८६४ साली हॅम्बुर्गचं आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय याच्या देखरेखीखाली उभं राहिलं. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली, अंधारात, त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा पाण्याचा साठा ठेवायचा आणि पंपाने पाणी सतत वर-खाली फिरवत राहायचं, ही त्याची रचना. झाडांवर भरवसा नाही, भरवसा फिरत्या पाण्यावर. आपण ज्याला आज बॅकएंड म्हणतो तो याने १८७१ मधे तळघरात बांधला होता :) आणि त्याचं पाणी टिकायचं. का टिकायचं याचं पूर्ण कारण मात्र त्यालाही सांगता आलं नसतं.

ते कारण यायला लागलं ते भलत्याच बाजूने. गटारातून.

१८७७ साली पॅरिसमधे श्लोझिंग आणि म्युंत्झ हे दोघे शहराचं सांडपाणी वाळू आणि चुनखडीच्या उभ्या नळीतून हळूहळू झिरपवत होते. पहिले वीस दिवस काहीच नाही. वरून अमोनिया घाला, खालून अमोनियाच बाहेर. विसाव्या दिवसानंतर अचानक खालून नायट्रेट यायला लागलं आणि अमोनिया गायब. हे नुसतं रसायन असेल तर वीस दिवस वाट कशाला बघेल? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद! म्हणजे आत काहीतरी जिवंत आहे आणि ते आत्ता गारद झालं. मग बागेतल्या मातीचं थोडं पाणी वरून घातलं, तर काही दिवसांनी क्रिया पुन्हा चालू.

ज्याने कधी टँक लावलाय त्याने हा परिच्छेद पुन्हा वाचावा. वाळूची नळी म्हणजे फिल्टर. वीस दिवस म्हणजे नव्या टँकचे ते पहिले जीवघेणे आठवडे. आणि मातीचं पाणी म्हणजे मित्राच्या जुन्या टँकमधली मूठभर वाळू, जी जाणकार लोक नव्या टँकमधे आवर्जून टाकतात.

यात तेव्हा रस होता तो शेतीवाल्यांना, कारण नायट्रेट म्हणजे खत. आणि त्याआधी बंदुकीच्या दारूवाल्यांना, कारण सोरा म्हणजेही नायट्रेट. ईस्ट इंडिया कंपनी बिहारच्या गावांतून जहाजं भरभरून सोरा न्यायची, तो तिथल्या गोठ्यांभोवतीच्या, भिंतींलगतच्या मातीत तयार व्हायचा. गुरांच्या मुताचं सोऱ्यात रूपांतर करणारे कारागीर हेच अदृश्य जीव. माशांशी याचा काही संबंध असेल हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

आता येतात धाकटे वॉरिंग्टन. जन्म १८३८. वडिलांनी तो शोधनिबंध वाचला तेव्हा हे अकरा वर्षांचे होते. तब्येत नाजूक, रसायनशास्त्र शिकले ते वडिलांच्याच प्रयोगशाळेत. १८७६ पासून ते रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होते, आणि पॅरिसची बातमी येताच त्यांनी तो प्रश्न हातात घेतला. पुढची दहा-बारा वर्षं तोच एक प्रश्न. त्यांच्या लक्षात आलं की हे काम दोन टप्प्यांत होतं. आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट. आणि दोन टप्पे करणारे जीव वेगवेगळे आहेत. एक थांबला तरी दुसरा चालू राहू शकतो.

पण तो जीव एकटा पकडता येईना. जिलेटिनवर वाढवायला गेले की नको तेच जिवाणू वाढायचे. १८९० साली झुरिकमधे सेर्गेई विनोग्राडस्कीने युक्ती केली. त्यांना खायला घालणंच बंद केलं! सेंद्रिय असं काहीच नाही, नुसते क्षार आणि अमोनिया. बाकीचे उपाशी मेले, हे मात्र वाढले, कारण हे अमोनिया जाळून त्या ऊर्जेवरच जगतात. धाकट्या वॉरिंग्टनची बस थोडक्यात चुकली. इतकी वर्षं घासून शेवटचा मान दुसऱ्याने नेला.

बापाने टँकमधे गोगलगायी सोडून ज्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलं, त्याचं बरंचसं उरलेलं उत्तर मुलाने शेतातल्या मातीत शोधलं. थोरले १८६७ सालीच गेले होते, त्यांना हे कळलंच नाही. आणि फिशटँकच्या जगालाही बराच काळ कळलं नाही. शेतीची जर्नल्स वेगळी, हौशी मासेवाल्यांची पुस्तकं वेगळी. दोन टीम एकाच मजल्यावर बसून एकाच बगवर काम करतात आणि महिनोन् महिने एकमेकांना पत्ता नसतो, तसलाच प्रकार. १९४९ साली न्यू यॉर्कच्या मत्स्यालयातल्या जेम्स अ‍ॅट्झने 'समतोल टँक' ही दंतकथा आहे असा सरळ लेखच लिहिला. म्हणजे शंभर वर्षांनीसुद्धा ते लिहावं लागत होतं.

तर मग मासे का मरतात? मासा खातो, आणि त्याच्या शरीरातला बहुतेक नायट्रोजनचा कचरा कल्ल्यांमधून अमोनियाच्या रूपात पाण्यात जातो. नदीत तो पसरून जातो, ५६ लिटरमधे साठतो. नव्या टँकमधे तो खाणारे जिवाणू नसतात. ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मधल्या काळात आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट चढतो. नायट्राइट माशाच्या रक्तात घुसून ऑक्सिजन वाहून नेणंच बंद पाडतं. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ! हा सगळा खेळ बॅकग्राउंडला चालतो, लॉग कुठेच दिसत नाही. म्हणून टेस्ट किट घ्या असं लोक घसा फोडून सांगतात. पीएच ८ च्या वर असेल तर तोच अमोनिया जास्त विषारी होतो, तेव्हा सोसायटीत बोअरचं पाणी येत असेल तर तेही मोजा. आणि मासा मेला म्हणून टँक रिकामा करून, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुऊन नव्याने सुरुवात केली, तर नळाच्या क्लोरीनने जमत आलेले जिवाणूही गेले. श्लोझिंगचा क्लोरोफॉर्म आठवा. वीस दिवस पुन्हा पहिल्यापासून.

मग थोरल्या वॉरिंग्टनचे मासे कसे जगले? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्यांच्याकडे ना फिल्टर, ना एअर पंप. उत्तर त्यांच्याच सामानाच्या यादीत आहे. मासे फक्त दोन. तळाला गाळ आणि वाळू, म्हणजे जिवाणूंची राहायची सोय आधीपासूनच. पाण्याच्या उघड्या पृष्ठभागातून ऑक्सिजन येतच होता, त्यासाठी झाडावर सगळा भार नव्हता. आणि व्हॅलिस्नेरिया? ती काम करतच होती, पण वेगळंच. अमेरिकन लेखिका डायना वॉलस्टॅडने १९९९ साली झाडांच्या टँकवर जे पुस्तक लिहिलं त्यात तिने हे नीट मांडलंय. बऱ्याच पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियमच जास्त आवडतं, त्या ते थेट पाण्यातून ओढतात. म्हणजे झाड माशाला वाचवतं हे खरं. ऑक्सिजन देऊन वाचवतं त्यापेक्षा विष खाऊन जास्त वाचवतं. तिची पद्धतही बघा. तळाला साधी माती, वर वाळूचा थर, पहिल्या दिवसापासून भरपूर झाडं, मासे थोडे. १८४९ चाच टँक, फक्त कारणांसकट. आमच्या धंद्यात "चालतंय ना, मग हात लावू नकोस" म्हणून जो जुना कोड जपतात, तो नक्की का चालतो हे कुणीतरी शेवटी वाचून काढलं.

आपल्याला छोटा टँक लावायचा तर हेच पुरतं, महागड्या गॅसच्या सिलिंडरची गरज नाही. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, क्रिप्टोकोरीन. यातल्या क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत रानात वाढतात. दिवा सात-आठ तास. पहिला महिनाभर नुसती झाडं, मग तीन-चार छोटे मासे, मग दम धरून अजून थोडे. आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, शिळं करून.

सुंदर टँकची गोष्ट करायची तर ताकाशी अमानो या जपानी माणसाचं नाव घ्यावंच लागतं. आधी व्यावसायिक सायकलपटू, मग निसर्गाचा फोटोग्राफर, मग टँकमधे डोंगर-दऱ्या उभ्या करणारा कलावंत. १९९० च्या दशकात त्याच्या पुस्तकांनी जगभर झाडांच्या टँकचं नवं वेड लावलं. २०१५ साली तो गेला. त्याच्याकडे कार्बन डायॉक्साइडच्या नळ्या होत्या, भारी दिवे होते, तरी शेवाळाने त्यालाही पिडलं. त्याने काय केलं? शेवाळ खाणारी छोटी कोळंबी आणून सोडली. आज ती त्याच्याच नावाने विकली जाते. वॉरिंग्टनच्या गोगलगायीची ही मावसबहीणच.

जिवाणूंची गोष्ट मात्र १८९० ला संपली नाही. विनोग्राडस्कीने पकडलेले जिवाणूच टँकमधे काम करतात असं शंभर वर्षं धरून चालले होते. १९९८ साली टिमथी होव्हानेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टँकमधल्या जिवाणूंचा डीएनए तपासला, तर नायट्राइट खाणारे पुस्तकातले ते नव्हतेच. ते होते नायट्रोस्पिरा नावाचे वेगळेच जिवाणू. बाटलीतून 'रेडीमेड बॅक्टेरिया' विकणाऱ्यांची यात जरा पंचाईत झाली.

आणि मग २०१५ साली एकाच वेळी दोन शोधनिबंध आले. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंत दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जीव सापडला होता, तोही नायट्रोस्पिराच्याच कुळातला. धाकट्या वॉरिंग्टनने कष्टाने वेगळे काढलेले दोन्ही हातखंडे एकाच जिवाणूत. एका गटाला तो रशियातल्या एका खोल तेलविहिरीच्या गरम पाण्याच्या पाइपमधे मिळाला. दुसऱ्या, नेदरलँड्समधल्या गटाला तो मिळाला मासे पाळण्याच्या टाक्यांच्या फिल्टरमधे.